उकंडरावचा शेंदऱ्या बोल्ट

मोताळ्याच्या उकंडरावला देवाधर्माचं वेड होतं असं कोणी म्हणालं तर मी आजही भांडेन. वेड त्याला मोटारीचं होतं. देव त्यात नंतर शिरला, आणि तोही एका फिटरने नको ते बोलून आत सोडला म्हणून.

गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची आहे. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा, आणि बुलढाण्याहून घाट उतरून मोताळ्यामार्गे नांदुऱ्याचं स्टेशन गाठायला आमच्या वाटेवर एकच सर्विस मोटार होती. मी बुलढाण्याच्या शाळेत मास्तर होतो आणि घर माझं मोताळ्याला, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी घाट उतरणं आणि सोमवारी सकाळी चढणं हा माझा नेम. डायव्हरच्या शेजारची जागा माझी. तिथे इंजिनाची धग पोटऱ्यांना लागायची म्हणून दुसरं कोणी बसत नसे, आणि मला गप्पांसाठी थोडं भाजून घ्यायला हरकत नव्हती.

डायव्हर उकंडराव. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्या जन्मल्या त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीला मूठभर कोंडा देऊन परत विकत घेतलं. आमच्याकडे असे उकंडराव गावोगाव सापडतात, आणि बहुतेक सगळे दणकट निघतात. हा आधी महादेवरावांची बैलगाडी हाकायचा. महादेवराव म्हणजे मोताळ्याचे बडे जमीनदार. त्यांनी खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून जुनी लॉरी उचलली, गावच्या सुताराकडून तिच्यावर सागवानी खोका चढवला, आत बाकं ठोकली आणि तिला मोटार म्हणायला सुरुवात केली. बैल हाकणारा आपलाच आहे तर मोटार हाकणारा बाहेरचा कशाला, असा विचार करून त्यांनी उकंडरावला खामगावला शिकायला धाडलं. परत आला तो डायव्हरसाहेब होऊन. डोक्यावर टोपी, गळ्यात रुमाल, आणि बायकोशीसुद्धा हॉर्न वाजवल्यासारखं बोलणं. बायको झुंबरबाई. ती म्हणे, बैलाशी बोलत होता तेव्हाच बरा होता.

गाडी ताब्यात देताना खामगावच्या फिटरने त्याला समोरच्या फळीखाली वाकवलं आणि एक बोल्ट दाखवला. पेट्रोलचा काटा, इंजिनाच्या उष्णतेचा काटा, काट्यांवर उजेड पाडणारा इवलासा दिवा आणि टपाखालचे दोन दिवे, असा सगळा आतला संसार लाकडाच्या फळीवर बसवलेला. वीज तारेने येते ती येते, पण परत जायला तिला लोखंड लागतं, आणि लाकूड तिला वाट देत नाही. म्हणून या साऱ्यांची परतीची तार एकत्र करून या एका बोल्टाने खालच्या लोखंडी सांगाड्याला आवळली होती. फिटर म्हणाला की गाडीच्या आतला सगळा उजेड या एका बोल्टाच्या जिवावर आहे, याला सांभाळ.

आता सांभाळ म्हटल्यावर फिटर काय करेल? पान्याने आवळेल, पॉलिश कागदाने घासेल. उकंडरावने वऱ्हाडी माणूस करतो ते केलं. पहिल्याच मंगळवारी तिळाच्या तेलात शेंदूर कालवून बोल्टाला लावला.

एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट झाली नसती. पण अर्धवट भक्ती त्याला पसंत नव्हती. देवाच्या फक्त टाळक्याला शेंदूर आणि अंग कोरडं, हे त्याच्या मनाला लागलं. म्हणून दसऱ्याला त्याने बोल्ट सोडला, दह्यादुधाने न्हाऊ घातला, तारेच्या कडीला आणि लोखंडालाही शेंदूर माखला आणि पुन्हा आवळून टाकला. मी शेजारी बसून बघत होतो. मला व्याकरण येतं, वीज येत नाही, तेव्हा मीही हात जोडले.

मग हळूहळू गंमत सुरू झाली. टपाखालचे दिवे लाल पडू लागले. पेट्रोलच्या काट्याला स्वतःचं मत फुटलं. दिवे बंद असले की काटा टाकी रिकामी सांगे आणि दिवे लावले की टाकी भरली म्हणे. महादेवराव यावर बेहद्द खूष झाले. ते चहात साखरसुद्धा स्वतःच्या देखरेखीखाली पडू देत. त्यांनी हुकूम काढला की दिवसाही दिवे लावूनच गाडी चालवायची, पेट्रोल वाढतं. राजूर घाटाच्या मधोमध गाडी कोरडी पडून आम्ही सगळे तिला ढकलत बसलो, त्या दिवशी हुकूम मागे घेतला गेला.

उकंडराव काही स्वस्थ बसणारा नव्हता. त्याने दिव्यांचे बल्ब बदलले. फ्यूज काढून सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली, तेव्हा फळीतून धूर निघाला आणि पुढच्या बाकावरच्या मंजुळाबाईंनी, म्हणजे महादेवरावांच्या मंडळींनी, चालत्या गाडीतून उडी टाकली. गाडी घाट चढत होती, त्यामुळे त्यांना लागलं काही नाही, उलट त्या गाडीच्या आधी वळणावर पोचल्या. मग त्याने तारा उकलल्या, नव्या घातल्या, तारांना हळद लावली. पुढचे मोठे दिवे मात्र लख्ख जळत, कारण ते चाकांवरच्या लोखंडी मडगार्डांवर बसवलेले होते आणि त्यांची परतीची वाट वेगळी होती. आम्हाला काय ठाऊक? आम्ही म्हणत होतो, बाहेर उजेड आणि घरात अंधार, हे कलियुग आहे.

खामगावचा तो फिटरही एकदा नांदुऱ्याला भेटला. त्याने विचारलं, परतीचा बोल्ट बघितला का? उकंडराव दुखावला. म्हणाला, त्याची तर मी दर आठवड्याला सेवा करतो, त्यात खोट निघणं शक्य नाही. फिटर वाकून बघायला गेला तर याने त्याला जोडे काढायला लावले. फिटरची गाडी सुटायची वेळ झाली होती, त्याने जोडे पायात ठेवून स्टेशन गाठणं पसंत केलं.

आणि खरी मौज पुढेच आहे. दिवे जितके मंद होत, तितका उकंडराव बोल्टाला शेंदूर जास्त लावी. शेंदूर जितका जास्त, तितके दिवे मंद. वर्षभरात बोल्टाचा लिंबाएवढा गोळा झाला. त्याला चांदीचे डोळे लागले. उतारू चढताना त्याच्या पाया पडू लागले. घाटातल्या वळणावर खड्ड्याने गाडी उसळली की दिवे जात, मग कोणीतरी नारळ काढी, तो फोडायला गाडी थांबे, पुन्हा निघताना हिसका बसून दिवे येत, आणि सगळे धन्य होत. खोबऱ्यातला पहिला वाटा डायव्हरचा. त्या वर्षी उकंडराव चांगला बाळसेदार झाला होता.

मग एका श्रावणात बातमी आली की मोटारी तपासणारा सरकारी साहेब दसऱ्याच्या आधी बुलढाण्याला येणार. आतले दिवे आणि काटे चालू नसतील तर गाडीला पास मिळणार नाही. महादेवरावांनी उकंडरावला ओसरीवर बोलावलं आणि माझ्यादेखत सांगितलं की तोवर हे नीट झालं नाही तर अकोल्याहून वीज समजणारा डायव्हर आणतो, आणि तू आपली बैलगाडी बघ.

उकंडरावचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. एरवी मी त्याची टर उडवायला कमी करत नसे, पण तेव्हा ते मला सुचलंही नाही. तो बैलांना कमी लेखत नव्हता. पण गाडीच्या त्या फाटक्या बैठकीवर बसलं की घाट त्याचा होई, नांदुऱ्याचे हमाल त्याला वाट करून देत, आणि उकिरड्यावरून उचललेल्या पोराला लोक साहेब म्हणत. ते गेलं असतं तर तो मेला नसता, पण त्याच्यात काही उरलं नसतं. तो उठला, टोपी काढून काखेत धरली आणि गोठ्याकडे गेला. मोटार तिथेच मुक्कामाला असायची.

पुढचं मला त्यानेच सांगितलं. नुसते अंदाज करून भागणार नाही हे त्याला कळलं. खामगावला शिकलेली एक युक्ती त्याला आठवली. त्याने एक चांगला बल्ब घेतला, त्याला दोन लांब तारा जोडल्या. एक टोक बॅटरीच्या जिवंत अंगाला बांधलं आणि दुसरं टोक हातात घेऊन तो सगळ्या गाडीला शिवत सुटला. सांगाड्याला लावलं, बल्ब पेटला. पायाखालच्या लोखंडाला लावलं, पेटला. बोल्टाच्या खालीच बोटभर अंतरावर खरवडून लावलं, तिथेही पेटला. मग त्याने तेच टोक फळीकडून येणाऱ्या परतीच्या तारेला लावलं. अंधार. पुन्हा लोखंडाला, उजेड. पुन्हा तारेला, अंधार. तार चांगली, लोखंड चांगलं. मधे काय? मधे देव.

तो घामाघूम झाला. खात्री करायची म्हणून त्याने एक सुटी तार घेतली, एक टोक फळीमागच्या परतीच्या तारेत खुपसलं, दुसरं बोल्टाला टाळून थेट लोखंडावर दाबलं. टपाखालचे दोन्ही दिवे फक्कन लागले. काट्यांवरचा इवला दिवा, जो त्याने वर्षभर पाहिला नव्हता, तोही लागला. पेट्रोलचा काटा उठून पाव टाकीवर उभा राहिला आणि दिवे लावले काय, विझवले काय, जागचा हलेना. आनंदाने नाचायला हवं होतं, पण उकंडराव तिथेच मटकन बसला. देवाला वळसा घातला की उजेड, आणि देवाच्या अंगावरून नेलं की अंधार. आणि त्या देवाला इतका जाड कोणी केला, तर आपणच.

ती तार तशीच ठेवून देता आली असती. मी त्याला तसं म्हणालोही पुढे. तो म्हणाला, मास्तर, देवाले टाळून रस्ता काढाचा आन् वरून त्याच्याच पाया पडाचं, हे मले जमनार नाही. आता बोला. एवढा प्रामाणिकपणा मी शाळेच्या कमिटीतही पाहिलेला नाही.

घरी जाऊन त्याने झुंबरबाईला सगळं सांगितलं. देव खरडावा तर पाप, आणि लोकांना कळलं तर मार. न खरडावा तर डायव्हरकी गेली. आणि मालकाला कळलं की दिवे डायव्हरनेच मारले, तर दोन्ही बाजूंनी गेली. झुंबरबाई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "माह्या माहेरच्या मारुतीनं दोन खेपा खोळ टाकली. शेंदूर लय झाला की देवच टाकते. तवा कोनी इचारलं नाही का कोनं खरडली."

हे मात्र खरं आहे. शेंदराचे थर फार झाले की कवच सुटतं, लोक ते वाजतगाजत नदीत सोडतात, आणि खालून मूळचा देव निघतो. उकंडरावने बायकोकडे असं बघितलं म्हणे, की तिने भाकरी करपवली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो खुरपं घेऊन गोठ्यात गेला. देवाची माफी मागितली, चांदीचे डोळे काढून खिशात ठेवले आणि फळीखाली वाकून खरडू लागला. वरचा थर त्याच्याच तेलाचा होता. त्याच्या खालून मात्र तुपाचा वास आला. त्याखाली पुन्हा तेल, पुन्हा तूप. उकंडराव चक्रावला, कारण त्याच्या घरी तूप पोळ्याला सुद्धा बेताने निघे. इतक्यात गोठ्याचं दार करकरलं आणि महादेवराव आत आले. अंगावर धाबळी, पाय अनवाणी, हातात पळसाच्या पानाचा पुडा.

"काऊन रे, देवाले खरडून राह्यला काय?"

उकंडरावने खुरपं मागे लपवलं. "नाही जी मालक. देवानं खोळ टाकली."

"टाकली का तू काढली?"

उकंडरावची नजर मालकाच्या हातातल्या पुड्यावर गेली होती. पुड्याच्या कडेने शेंदूर मिसळलेलं तूप ओघळत होतं. महादेवरावांनी हात पाठीमागे नेला, पण पाठीमागे गाय बांधली होती आणि तिने पुडा चाटायला घेतला. त्यांनी झटक्यात हात पुढे आणला. एकाच्या पाठीमागे खुरपं, दुसऱ्याच्या हातात पुडा, असे मालक आणि डायव्हर समोरासमोर उभे होते.

मग महादेवराव गाडीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी सांगून टाकलं. घाट उतरताना त्यांना भीती वाटे, डोळे गच्च मिटून बसत. लहानपणापासून उंचावर चक्कर येते हे त्यांनी मंजुळाबाईंनाही सांगितलं नव्हतं. आतले दिवे जाऊ लागले तशी भीती वाढली, आणि ज्या दिवशी घाट उतरायचा त्या पहाटे ते गुपचूप गोठ्यात येऊन बोल्टाला तुपातला शेंदूर लावून जात. साखर मोजणारा माणूस, पण जिवाच्या भीतीपुढे तूप मोजलं नाही. उकंडरावने त्यांना बल्बाचं टोक हाती देऊन सगळं दाखवलं. लोखंडाला उजेड, तारेला अंधार. महादेवरावांनी स्वतः तीन-चारदा करून पाहिलं.

"म्हंजे आपन दोघायनं मिळून इझवले," ते म्हणाले.

"हाव जी."

"कोनाले सांगजो नको."

त्याच दिवशी गावात दवंडी फिरली की मोटारीतल्या देवाने खोळ टाकली. नळगंगा नदीपर्यंत मिरवणूक निघाली. पुढे डफडी, मग खोळ घेतलेले महादेवराव, मग बायका, आणि शेवटी मी. गर्दीत सगळ्यांत भाविक चेहरा झुंबरबाईचा होता. इकडे गोठ्यात उकंडरावने देवाला चिंच आणि राख लावून तांब्यासारखा घासला, पॉलिश कागदाने तारेची कडी आणि लोखंड चकचकीत केलं आणि पाना घेऊन बोल्ट असा आवळला की पुन्हा सोडायला त्याला स्वतःलाही दोन माणसं लागली असती. सगळे दिवे लागले.

पण लोक परत आले ते शेंदराच्या वाट्या घेऊनच. उघडा देव त्यांना बघवेना. उकंडराव बोल्टासमोर आडवा उभा राहिला. देवाने जागा बदलली आहे, असं त्याने सांगितलं, आणि लाकडी खोक्याच्या दारापाशी सागवानात ठोकलेला एक जाडजूड खिळा दाखवला. लोकांनी त्याला तिथल्या तिथे शेंदूर फासला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, हा खिळा कशाला जोडलेला आहे? तो म्हणाला, "कशालेच नाही मास्तर. म्हून तर त्याले कितीबी लावा."

तपासणीला मला सोबत नेलं होतं. साहेबाने इंग्रजी झाडलं तर मास्तर कामी येईल, असा महादेवरावांचा हिशोब. साहेब निघाला अमरावतीकडचा आणि साधं मराठी बोलणारा, त्यामुळे मी फुकट गेलो. त्याने दिवे लावून पाहिले, काटे पाहिले, पेट्रोलच्या टाकीत काठी घालून काट्याशी ताडून पाहिली. सगळं बरोबर निघालं. मग त्याने फळीखाली डोकं घातलं. माणूस हुशार होता. बोल्टाभोवती लाकडात मुरलेला शेंदूर त्याला दिसला. त्याने बोट फिरवून वास घेतला आणि विचारलं, या आधी दिवे बंद होते का?

उकंडराव खोटं बोलला असता तर चाललं असतं. मी तर मनातल्या मनात त्याच्यासाठी तीन वाक्यं तयार केली होती. पण त्याला खोटं बोलायला नेहमी थोडा वेळ लागे, आणि तेवढ्यात खरं निघून जाई. हाव, म्हणाला. शेंदूर मीच लावला.

साहेब हसला नाही. त्याने महादेवरावांना बाजूला घेतलं, पण आवाज खणखणीत असल्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. गाडी पास आहे, पण जो डायव्हर विजेच्या वाटेवर शेंदूर भरतो त्याच्या हाती घाटातले उतारू देऊ नका, डायव्हर बदला, असं त्याने सांगितलं. उकंडरावने टोपी काढली आणि काखेत धरली. महादेवरावांचा स्वभाव आम्हाला ठाऊक होता. साहेबापुढे ते कधी मान वर करत नसत. शेजारी उतारू उभे होते, मंजुळाबाई उभ्या होत्या, आणि महिन्याभराआधी दवंडी देऊन सगळ्या गावाला नदीवर नेणारेही तेच होते.

"साहेब," महादेवराव म्हणाले, "त्यातला अर्धा शेंदूर माहा हाये. घाट उतरताना मले भेव वाटे म्हून मी लावत होतो, तुपातला. तवा डायव्हर बदलाचा असन त मालक बी बदला."

मंजुळाबाईंनी तोंडाला पदर लावला. साहेबाने महादेवरावांकडे पाहिलं, उकंडरावकडे पाहिलं, आणि डायव्हरचा विषय तिथेच सोडून सही केली.

परतताना महादेवराव माझ्या जागेवर, डायव्हरच्या शेजारी बसले. मला मागे बाकावर कोंबलं. घाटाच्या तोंडाशी गाडी आली तेव्हा ऊन अजून चांगलं तापलेलं होतं, पण त्यांनी उकंडरावला आतले दिवे लावायला सांगितले. उकंडराव म्हणाला, मालक, याने पेट्रोल वाढत नाही. ते म्हणाले, ठाऊक हाये, लाव. मग पोटऱ्या भाजत असताना, दोन्ही हातांनी फळी धरून, ते पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून सगळा घाट उतरले.